फर्नेसवाला म्हणतो, आजच सही करा

"ताई, आम्ही मूळचे कोथरूडचे. गेल्या वर्षी कॅलिफोर्नियात सॅन होजेला घर घेतलं, १९६२ सालचं आहे, एकमजली, एसी नाही, फक्त घर गरम करणारा गॅसचा फर्नेस आणि तोही म्हातारा. जूनअखेर सासू-सासरे येतायत दोन-तीन महिन्यांसाठी, सासऱ्यांना उन्हाळा अजिबात सोसत नाही म्हणून एसी बसवून घ्यायचं ठरवलं. पोस्टात ७९ डॉलरच्या ट्यून-अपचं कूपन आलेलं, त्या लोकांना बोलावलं. आलेल्या मुलाने फर्नेस उघडला आणि म्हणाला हीट एक्स्चेंजर क्रॅक आहे, घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू येऊ शकतो, आणि 'वापरू नका' असा लाल टॅग लावून गेला. संध्याकाळी त्याच कंपनीचा दुसरा माणूस टॅब्लेट घेऊन आला, फर्नेस आणि एसी मिळून १९,४०० डॉलर, आज सही केलीत तर २,००० कमी, अर्धे पैसे आधी. इकडे नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या ओळखीचा एकजण ८,५०० मध्ये करतो म्हणतोय, कॅश, परमिट वगैरे काही लागत नाही, सगळे असंच करतात. नवरा म्हणतो हाच घेऊ. मला पहिल्याने इतकं घाबरवलंय की दोन रात्री झोप नाही. काय करू? आणि एक बारीकसा प्रश्न, ही माणसं दिवसभर काम करतात तर इथे त्यांच्या चहा-जेवणाचं काय करायचं असतं? नाव छापू नका."

अगं, आधी फर्नेस बंद कर आणि झोप. मे महिना चाललाय, सॅन होजेत आता हीटिंग लागतंच कुठे, एखाद्या सकाळी गारठा वाटलाच तर शाल घे. थर्मोस्टॅट ऑफ केला की मुख्य ज्वाळा बंद, ती बंद तर फर्नेसमधून येणारा कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ बंद. म्हणजे जी गोष्ट तुला दोन रात्री जागवतेय ती एका बटणावर थांबते आणि हे तुला त्या दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही, एकाने टॅग लावला आणि दुसऱ्याने टॅब्लेट काढला. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आता क्रॅक खरा की खोटा. हीट एक्स्चेंजर म्हणजे फर्नेसच्या पोटातले पत्र्याचे कप्पे, आतून ज्वाळेचा धूर जातो, बाहेरून घरातली हवा जाते, दोघांची भेट होत नाही, नुसती ऊब इकडून तिकडे जाते. वर्षानुवर्षं तापून-निवून पत्रा तडकू शकतो आणि तडकला तर धूर घरच्या हवेत मिसळू शकतो, हे खरं आहे, थट्टेवारी नेण्यासारखं नाही. पण नेमकं म्हणूनच ते घाबरवायलाही सोयीचं पडतं, कारण घरमालक काही वाकून आत बघत नाही, आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असलं की कुणीही चेकबुक काढतो. त्या कंपनीला फोन कर आणि सांग की क्रॅकचा फोटो पाठवा, आणि त्याच्यासोबत माझ्या फर्नेसची मॉडेल नंबरची पाटीही फोटोत येऊ द्या. बारीक कॅमेरा आत घालून फोटो काढणं यांना अजिबात अवघड नसतं. पाठवला तर बघू, नाही पाठवला तर तेही उत्तरच.

आणि दुसरं मत फुकटात मिळतं तुला. तुमच्याकडे गॅस पीजी अँड ई या वीज-गॅस कंपनीचा आहे, ते लोक ग्राहकाच्या घरी येऊन गॅसच्या उपकरणांची सेफ्टी तपासणी विनामूल्य करून देतात, त्यांना तुला काही विकायचं नसतं. त्यांनाही धोका दिसला तर तेही टॅग लावतील आणि मग तो टॅग मी मानेन. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना? कॅलिफोर्नियात गॅसची उपकरणं असलेल्या घरांत तो २०११ पासून सक्तीचा आहे. छताला लटकतोय पण त्याची मुदत कधीच संपलीय असं पुष्कळ घरांत असतं, मागे तारीख छापलेली असते, ती बघ. आणि अलार्म वाजलाच कधी तर फोटोबिटो काही नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरूनच फोन करायचा.

हं. आता ती कंपनी आणि तो कॅशवाला. माझं मत सरळ सांगते, दोघांपैकी एकही नको. पहिला तुला घाईत टाकतोय, दुसरा अंधारात ठेवतोय.

नवऱ्याचं म्हणणं मला कळतं बरं का, आपण असेच वाढलोय. पुण्यात एसी बिघडला की सोसायटीच्या वॉचमनला विचारायचं, तो त्याच्या ओळखीचा माणूस पाठवतो, तो पिशवीतून पाना काढतो, 'गॅस भरावा लागेल मॅडम' म्हणतो, आपण पैसे देतो आणि पुढच्या मे महिन्यात तो परत येऊन परत गॅस भरतो. जाता जाता सांगते, तो गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, बंद नळीत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता नुसता भरून देणारा पुण्यातला असो की सॅन होजेतला, त्याला परत बोलवायचं नाही. पण मुद्दा असा की तिकडे काम एका खोलीचं असतं, भिंतीवर एक डबा, बाहेर एक डबा, मध्ये तांब्याची नळी. बिघडला तर एक खोली गरम होते, झालं. इथे पूर्ण घराच्या फुप्फुसात हात घालायचा असतो, गॅसची लाइन, धुराचं नळकांडं, विजेचं पॅनल, घरभर फिरलेले हवेचे डक्ट, आणि तुम्ही रात्री दारं-खिडक्या लावून त्या हवेत झोपणार. म्हणून इथे त्याला परवाना लागतो, आणि परवाना बघायला पाच मिनिटं पुरतात, ही या राज्याने केलेली खरोखर चांगली गोष्ट आहे, बाकी राज्याला आपण नावं ठेवतोच.

कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, सगळे सीएसएलबी म्हणतात, त्यांच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर टाकायचा. नंबर कुठून आणायचा तर मागायचा, जाहिरातीवर आणि करारावर तो छापणं बंधनकारकच आहे. समोर पान उघडलं की नुसतं 'अॅक्टिव्ह' बघून खूश होऊ नकोस. प्रकार बघ, तुला सी-२० पाहिजे, तोच हीटिंग आणि एअर कंडिशनिंगचा, नुसता इलेक्ट्रिशियनचा सी-१० चालणार नाही. मग बाँड बघ, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने फसवलं तर भरपाईसाठी ठेवलेली हमी, तो २०२३ पासून २५,००० डॉलरचा झालाय, आधी १५,००० होता. आणि त्याखाली वर्कर्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगारांचा विमा, तिथे जरा थांब. पूर्वी 'माझ्याकडे कामगारच नाहीत' असं लिहून दिलं की या विम्यातून सूट मिळायची, मग एकटा आहे म्हणून सांगणारा माणूस दोन पुतण्यांना घेऊन अॅटिकवर, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, चढायचा. २०२३ पासून सी-२० वाल्यांना ही सूट नाहीये, एकटा असला तरी विमा लागतोच. हा विमा नसलेला माणूस तुमच्या अॅटिकमधून सीलिंग फोडून हॉलमध्ये पडला, आणि हे होतं हं, जुन्या घरात दोन तुळयांच्या मध्ये पाय पडला की प्लास्टरसकट माणूस खाली, तर त्याच्या दवाखान्याचं घरमालकाच्या गळ्यात पडू शकतं. ८,५०० कुठल्या कुठे राहतील.

बाँड म्हणजे तुमचा विमा असंही समजू नकोस. तो सगळ्या तक्रारदारांना मिळून असतो, आधीच चार जण रांगेत असतील तर तुझ्या वाट्याला काय उरणार. आणि घराचं नुकसान झालं तर भरून देणारा जनरल लायबिलिटी विमा, तो बोर्ड बहुतेक कॉन्ट्रॅक्टरांवर सक्तीचा करत नाही, त्यामुळे तो तूच मागायचा, आणि सर्टिफिकेट त्याच्या विमा एजंटकडून थेट तुझ्या ईमेलवर आलं पाहिजे, त्याने फोनवर दाखवलेला फोटो नको.

अजून एक चलाखी असते, नंबर खरा असतो पण दुसऱ्याचा असतो. मेहुण्याचा, जुन्या मालकाचा, कुणाचाही. म्हणून पानावरचं कंपनीचं नाव आणि करारावरचं नाव अक्षरनअक्षर जुळवून बघ, आणि खिशातलं लायसन्स कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायला सांग. लाजू नकोस. आपल्याकडे असं विचारलं की समोरच्याला अपमान वाटतो, इथे चांगल्या कॉन्ट्रॅक्टरला उलट बरं वाटतं, त्याने परीक्षा देऊन, फी भरून ते मिळवलेलं असतं. टॅब्लेटवाला विक्रेता पण, घरी येऊन विकणाऱ्याची वेगळी नोंदणी असते बोर्डाकडे, तीही विचार, चेहरा बघण्यासारखा होतो.

तुझ्या त्या १९,४०० वाल्याचं सगळ्यात मोठं घोडं अडतं ते 'अर्धे पैसे आधी' वर. कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी आगाऊ रक्कम किती घ्यायची याला कायद्याने मर्यादा आहे, एकूण किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल ते. जे कमी ते! म्हणजे तुझ्या कामाला फार तर १,०००. तो मागतोय ९,७००. काही मोजक्या कंपन्यांनी बोर्डाकडे वेगळा मोठा बाँड भरून यातून सूट घेतलेली असते आणि ते त्यांच्या लायसन्सच्या पानावर दिसतं, तसं नसेल तर हा माणूस तुझ्या दिवाणखान्यात बसून नियम मोडतोय आणि वर दोन हजारांची सवलत देतोय. पुढचे हप्तेही काम होईल तसे, माल येईल तसे, कामाच्या पुढे पैसे पळवायचे नाहीत. ७९ डॉलरचं कूपन म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं आहे, एवढ्या पैशात ट्रकचं पेट्रोल आणि माणसाचा पगार निघत नाही, त्यामुळे काहीतरी सापडावंच लागतं. सगळेच तसे असतात असं म्हणत नाही, पण ज्याने बिघाड शोधायचा त्यालाच विक्रीवर कमिशन असेल तर बिघाड जास्त सापडतात.

आणि 'आजच सही' चं काय? चुकून केलीच असतीस तरी घरी येऊन केलेला करार तीन कामाच्या दिवसांत लेखी कळवून मोडता येतो, ६५ आणि त्यावरच्या माणसाला पाच दिवस. केली नाहीयेस ना? मग उत्तमच. तो दोन हजारांचा डिस्काउंट पुढच्या आठवड्यातही जिवंत असतो, विचारून बघ.

आता ओळखीचा माणूस. यावर मी जरा जास्त बोलणार कारण माझे हात पोळलेत. आम्ही फ्रीमाँटला आधीच्या घरात एसी बसवला तो असाच, मंडळातल्या एका ओळखीने, माणूस बोलायला गोड, परमिट नको म्हणाला, उगाच सिटीवाले येऊन खुसपट काढतात म्हणाला, आणि आम्हाला ते पटलं कारण आम्हाला ते पटवून घ्यायचं होतं. साडेतीन टन पुरला असता तिथे पाच टनाचा ठेवला, म्हणे मोठा घेतला की टेन्शन नाही. नाकापेक्षा मोती जड. तो सुरू झाला की चार-पाच मिनिटांत थर्मोस्टॅटजवळची हवा गार करून बंद पडायचा, टोकाच्या बेडरूममध्ये काहीच पोचायचं नाही, परत सुरू, परत बंद, दिवसभर खड् खड्. जुने डक्ट तेवढी हवा वाहूच शकत नव्हते, हे आम्हाला तीन वर्षांनी दुसऱ्याने सांगितलं. पहिल्याचा फोन तोवर लागेनासा झालेला. पण खरी मजा घर विकताना आली, इथे विकणाऱ्याला एक जाहीरनामा भरून द्यावा लागतो, त्यात स्पष्ट विचारलेलं असतं की परमिटशिवाय काही काम झालंय का, खोटं लिहिलं तर पुढे कोर्ट, खरं लिहिलं तर खरेदीदार किंमत पाडतो. आम्ही खरं लिहिलं. वाचवले होते त्याच्यापेक्षा जास्त गेले. आणि तो ओळखवाला मित्र अजून मंडळाच्या गणपतीत भेटतो, आम्ही दोघं हवामानावर बोलतो.

तेव्हा नवऱ्याला सांग, परमिट हा सिटीला द्यायचा दंड नाहीये, तुमच्या बाजूने कुणीतरी काम तपासून जाण्याची फी आहे. इन्स्पेक्टर येतो, गॅसचं कनेक्शन, धुराचा पाइप, वायरिंग, पाणी निघून जायची नळी, सगळं बघतो, वर स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म आहेत का तेही बघतो. शिवाय इथल्या एनर्जी कोडमुळे डक्टमधून हवा किती गळते याची चाचणी होते आणि ती करणारा कॉन्ट्रॅक्टरचा माणूस नसतो, बाहेरचा असतो, ज्याला इतकी वर्षं सगळे हर्स रेटर म्हणत आलेत. १९६२ च्या घरात ही चाचणी म्हणजे सोनं आहे, कारण गार केलेली हवा अॅटिकमध्ये उंदरांना वाटत बसायचं नसेल तर ते कळायला हवं. परमिट कॉन्ट्रॅक्टरनेच त्याच्या नावाने काढायचं. 'तुम्ही घरमालक म्हणून काढा, स्वस्त पडतं' असं कुणी म्हणालं तर समज की जबाबदारी तुझ्याकडे सरकवतोय, कागदोपत्री तूच बिल्डर होतेस. सिटीच्या परमिटच्या वेबसाइटवर आपला पत्ता टाकून बघता येतं काढलंय की नाही ते, आणि बघ, 'काढलंय हो' वर विश्वास ठेवू नकोस. आधीच्या मालकाने काय काय केलं होतं तेही तिथे सापडेल, चहा घेऊन बस.

तसंच १,००० डॉलरच्या वरच्या कामाला लायसन्स लागतंच, आणि त्याच्या खालच्या कामालासुद्धा परमिट लागत असेल तर लागतं. बिनपरवान्याच्या माणसाला दिलेले पैसे कायद्याने कोर्टात परत मागता येतात, अगदी काम करून झाल्यावर सुद्धा, आणि तो मात्र तुझ्यावर बाकीसाठी दावा लावू शकत नाही. ऐकायला छान वाटतं. पण कॅश दिलीस तर कोर्टात दाखवणार काय, व्हॉट्सॲपवरचा अंगठा?

मग योग्य माणूस कसा ओळखायचा. तीन जणांना बोलव, तिघंही सी-२०, आणि मग ते काय बोलतात त्यापेक्षा घरात शिरल्यावर काय करतात ते बघ. जो दारातूनच 'पंधराशे स्क्वेअर फूट ना, मग तीन टन' म्हणतो तो गेला. जो टेप काढतो, खिडक्या मोजतो, पश्चिमेला किती काच आहे विचारतो, अॅटिकमध्ये चढून इन्सुलेशन किती इंच आहे बघतो, डक्टची मापं घेतो, तो बसायला खुर्ची देण्यासारखा. घराला किती टन लागतील त्या हिशोबाला मॅन्युअल जे म्हणतात, त्याला विचार 'मॅन्युअल जे करून देणार का', आणि कागद माग. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर फेकायची ताकद, हे माप बर्फाच्या दिवसांतलं आहे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो तेवढी. आपण पुण्यात हॉलला दीड टन म्हणून मोकळे होतो ते एका खोलीपुरतं ठीक, पूर्ण घराला अंदाजपंचे चालत नाही. ब्रँडवर मात्र फार डोकं घालू नकोस. लोक ब्रँडवर महिनाभर वाद घालतात आणि बसवणाऱ्याला पाच मिनिटं देतात, खरं तर उलटं पाहिजे, चांगलं मशीन वाईट बसवलं तर वाईटच चालतं.

अर्धवट कळणारे प्रश्नही विचार, बिनधास्त. तांब्याच्या नळ्या जोडताना आतून नायट्रोजन सोडता का? व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत नेता? ५०० किंवा त्याखाली असं काहीतरी उत्तर यायला हवं. तुला सगळं कळायची गरज नाही, पण चांगला माणूस या प्रश्नाने खुलतो, समोर बसून सांगायला लागतो, आणि दुसरा म्हणतो 'डोन्ट वरी मॅम'. एसीचा गॅस हाताळणाऱ्याकडे ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचं, ६०८ सर्टिफिकेट लागतं, तो जुना गॅस हवेत सोडून देणं बेकायदा आहे. नवीन मशीन आर-४५४बी किंवा आर-३२ या गॅसवर असतील, जुना आर-४१०ए मागे पडत चाललाय, त्यामुळे कुणी 'स्टॉकमध्ये पडलेलं जुनं मशीन स्वस्तात देतो' म्हणाला तर दोनदा विचार कर, मी तरी घेणार नाही.

कोटेशन तिघांचं एका पानावर यायला हवं असं नाही पण तुलना करता आली पाहिजे. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही युनिटचे पूर्ण मॉडेल नंबर, आणि ती जोडी एकमेकांसाठी तपासलेली आहे हे दाखवणारा एएचआरआय नंबर. परमिट आणि डक्ट चाचणी धरून किंमत की वेगळी, विजेचं काम धरून की वेगळं, जुनं सामान कोण नेणार, मजुरीची वॉरंटी किती वर्षं, कारण कंपनी दहा वर्षं पार्ट देईल पण तो बसवायला येणारा फुकट येत नाही. शेवटचा हप्ता सिटीचं इन्स्पेक्शन पास झाल्यावर, हे करारातच लिहून घे. एक आणखी, कामाच्या सुरुवातीला कुठल्यातरी सप्लायरकडून 'प्रिलिमिनरी नोटीस' नावाचं पत्र येऊ शकतं, घाबरू नकोस पण टाकूनही देऊ नकोस. त्याचा अर्थ असा की कॉन्ट्रॅक्टरने मशीनचे पैसे सप्लायरला दिले नाहीत तर तो सप्लायर तुझ्या घरावर बोजा चढवू शकतो, तू पूर्ण पैसे दिलेले असलेस तरी. म्हणून पैसे देताना त्या सप्लायरकडून 'लीन रिलीज' चा, म्हणजे बोजा सोडल्याचा, कागद घ्यायचा. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझ्या घराबद्दल दोन गोष्टी खास. ६२ सालच्या घरात डक्टच्या जोडांवर पांढरी, कागदासारखी टेप असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. हात लावू नकोस, झाडू मारू नकोस, नवऱ्याला वर पाठवून ओरबाडायला लावू नकोस, आधी नमुना तपासायचा आणि ती असलीच तर काढायला त्याचा परवाना असलेलेच लोक. ८,५०० वाला ते सुरीने कापून तुमच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकेल, लिहून घे. दुसरं, तुमचं विजेचं पॅनल १०० अँपचं आहे का बघ, तेवढं असेल तर इलेक्ट्रिशियनचा हिशोब आधी करून घ्यावा लागेल, नाहीतर गाडं मधेच अडतं.

फर्नेस खरंच गेलेला निघाला तर हीट पंपचंही कोटेशन घे. हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी, उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत ओढतो, आणि सॅन होजेच्या मऊ थंडीला तो छान पुरतो. पीजी अँड ई ची वीज महाग आहे हे तुला बिल बघून माहीतच आहे, त्यामुळे घरावर सोलर असेल तर डोळे झाकून हीट पंप, नसेल तर दोन्हीचा आकडा मांडून बघ. पण कुणी '३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल, २,००० पर्यंत' सांगत असेल तर ते २०२५ च्या ३१ डिसेंबरला संपलं. आणि कुणी 'गॅस फर्नेसवर बंदी येतेय, आताच बदला' म्हणालं तर बे एरियाच्या एअर डिस्ट्रिक्टने, म्हणजे इथल्या हवेच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या खात्याने, २०२३ मध्ये केलेल्या नियमात फर्नेससाठी २०२९ ची तारीख आहे आणि ती नव्याने बसवायच्या फर्नेसला, चालू असलेला कुणी उचकटून न्यायला येत नाहीये. फर्नेस ठणठणीत निघाला तर नुसता एसी जोडून घेता येईल का तेही विचार, त्यात लाज कसली.

जूनअखेरपर्यंत होईल का? कदाचित. उन्हाळा लागला की चांगल्या लोकांची डायरी भरते, म्हणून याच आठवड्यात फोन कर. नाही झालं तरी सासऱ्यांसाठी एका बेडरूममध्ये खिडकीचा एसी बसव, साधा, प्लगवर चालणारा, तो ३०० चौरस फुटाच्या आतली खोली सहज सांभाळतो, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून काहीतरी सावली कर, आणि संध्याकाळी सात-आठनंतर खाडीकडून वारा आला की सगळं उघडून टाक. इथलं ऊन पुण्यासारखं रात्रभर चिकटून राहत नाही, बहुतेक दिवस. ते 'बहुतेक' विसरू नकोस, २०२२ च्या ६ सप्टेंबरला सॅन होजेत पारा १०९ फॅरनहाइटला टेकलेला, म्हणजे आपले जवळजवळ ४३, आणि तेव्हा आम्ही सगळे मॉलमध्ये जाऊन बसलो होतो, अर्धं मंडळ तिथेच भेटलं. म्हणून एक तरी गार खोली घरात हवीच, एवढ्यासाठी मात्र थांबू नकोस.

आणि चहा-जेवणाचं. जेवण द्यायची पद्धत नाही, त्यांचे डबे असतात, ट्रकमध्ये बसून खातात, आग्रह करू नकोस. पण अॅटिकमध्ये उन्हाचं चढून उतरलेल्या माणसाला गार पाण्याच्या बाटल्या आणि बाथरूम कुठे आहे ते आधीच सांगून ठेवणं, एवढं पुरे. मी एकदा पोहे केले होते. एकाने खाल्ले आणि रेसिपी विचारली, दुसऱ्याने शेंगदाणे बघूनच हात वर केले, ॲलर्जी होती त्याला. तेव्हापासून मी विचारते आधी.